एक सप्तक वर

“हे मुद्दामच लिहिलंय ना, सर?” असं ईराने फोनवर विचारलं, आणि रुचिर पोतनीस “हो, मुद्दाम” म्हणून मोकळा झाला. आपण खोटं बोलतोय हे त्याला त्या वेळी ठाऊकही नव्हतं. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजत आले होते, उज्जैनच्या फ्रीगंजातल्या त्याच्या क्लासच्या खोलीत खालच्या कचोरीवाल्याच्या तेलाचा वास नेहमीप्रमाणे जिन्यातून वर येत होता, आणि समोर अंबिका गिटार मांडीवर घेऊन बसली होती. अंबिका दातांची डॉक्टर. दर बुधवारी दवाखाना उघडायच्या आधी तासभर शिकायला यायची आणि शिकवलेलं सगळं इमानदारीत वहीत लिहून घ्यायची. फोन येण्याआधी पाचच मिनिटं त्याने तिला सांगितलं होतं की गिटारची एक गंमत आहे, कागदावर जो स्वर लिहिलेला असतो त्याच्या एक सप्तक खाली ती वाजते, वाचायला सोपं जावं म्हणून तशी पद्धत पडलीय. मग फोन वाजला आणि तो खिडकीशी जाऊन बोलू लागला. ईरा पुण्याची, अठ्ठावीस वर्षांची, चेलो वाजवणारी. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं, छातीतून बोलल्यासारखं खोल बोलणारं वाद्य. ती आणि तिचे तीन सोबती येत्या रविवारी पुण्यातल्या एका लहानशा सभागृहात रुचिरने लिहिलेली रचना वाजवणार होते: दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो, चार भाग. पाच वर्षं लागली होती त्याला ती लिहायला. ईरा म्हणाली, पहिला-दुसरा भाग बसलाय, चौथ्यात तर तुमचा रॉकवाला हात स्पष्ट दिसतो, मजा येते. फक्त तिसऱ्यात चेलोची सगळी धून इतकी वर का, ते जरा विचारायचं होतं. अवघड आहे, तीन आठवडे घासतेय, आता जमतंय. तेव्हा तो म्हणाला, हो, मुद्दाम.

फोन खिशात टाकून तो वळला तर अंबिकाची वही स्टँडवर उघडी होती. ‘लिखा हुआ स्वर, असल में एक सप्तक नीचे’ असं तिने गोल अक्षरात लिहिलं होतं आणि खाली लाल रेघ मारली होती. त्याने ते वाक्य वाचलं, आपलंच, आणि पुन्हा एकदा वाचलं. पहिला, दुसरा आणि चौथा भाग त्याने कॉम्प्युटरवर लिहिला होता. तिथे लिहिलेलं लगेच वाजून दिसतं, चूक झाली तरी कानाला कळते. तिसरा मात्र हाताने, कागदावर. कॉम्प्युटरमधला चेलो पिपाणीसारखा वाजायचा आणि ती धून त्या पिपाणीतून ऐकणं त्याच्याने होत नव्हतं. म्हणून गिटार घेऊन, जाड तारांवर ती शोधली, शोधता शोधता कच्च्या वहीत उतरवली, गिटारवाले लिहितात तशीच, एक सप्तक वर. आणि पक्की प्रत करताना तेच स्वर जसेच्या तसे चेलोच्या ओळीत नेऊन ठेवले. बाकी तिघांना त्या भागात लांब श्वासांचे आधारस्वर होते, ते बरोबर होते. पण चेलो बिचारा जे लिहिलंय तेच वाजवणार. इतकी वर्षं जी गोष्ट तो प्रत्येक नवख्याला पहिल्या महिन्यात सांगत आला होता ती स्वतः विसरला होता, आणि पुण्यात एक मुलगी त्या विसरण्यापायी तीन आठवडे बोटं सोलून घेत होती.

“सर, तबियत ठीक आहे ना?” अंबिकाने विचारलं. त्याने आज इतकंच पुरे म्हणून सांगितलं, आणि ती गिटार पिशवीत घालून जिना उतरेपर्यंत उगाच एक तार पिळत राहिला. ती तार आधीच सुरात होती. आता वर गेली. मग त्याने स्कूटर काढली, पण घरी जायच्या रस्त्याला ती वळेना. चौकातल्या टॉवरला एक फेरी झाली, दुसरी झाली. सिंहस्थाच्या तयारीने अर्धं शहर खणून ठेवलेलं, जिथे काल रस्ता होता तिथे आज पत्रे, आणि महाकालला निघालेल्या बाहेरगावच्या गाड्या एकमेकींच्या मागे हॉर्न देत उभ्या. ते सगळे हॉर्न कुठल्या पट्टीत आहेत हे त्याचा कान आपला आपण मोजत होता, आणि त्या कानाचाच त्याला आता राग येत होता. सांगायचं की नाही? सांगितलं तर चौघांना कळणार की उज्जैनचा हा गिटारवाला शास्त्रीय रचना लिहायला निघाला आणि त्याला साधी स्वरलिपी उतरवता येत नाही. पत्रिकेवर आधीच छापलं होतं, ‘रॉक गिटारवादकाची शास्त्रीय रचना’, आणि त्यातल्या पहिल्या दोन शब्दांनी त्याचं डोकं महिनाभर भणभणत होतं. न सांगावं, तर वडिलांच्या ज्या आवाजासाठी हे सगळं लिहिलं तो आवाज रविवारी तिथे नसणार. दोनशे खुर्च्या, चार वादक, पाच वर्षं, आणि बापू नसणार.

त्याला रॉकवाला म्हणणाऱ्यांचं तसं चुकत नव्हतं. विशीत त्याने आणि सौरभने मिळून बँड काढला होता, त्याचं नाव ‘भैरवगढ’, कारण सौरभच्या वडिलांचा कापडछपाईचा कारखाना तिथे होता आणि ओल्या कापडांच्या रांगांमध्ये सराव केला तर शेजारच्यांना त्रास होत नसे. इंदूर, भोपाळ, देवास, कॉलेजांची स्नेहसंमेलनं, एकदा पुणे. केस खांद्यापर्यंत होते. नात्यातली मंडळी म्हणायची, पोतनीसांच्या घरात असला धांगडधिंगा कुठून आला, आणि बापू म्हणायचे, येऊ दे, घराला गच्ची आहे. ते गेल्यावर मात्र रुचिरला अँप्लिफायरला हात लावावासा वाटेना. बँड मोडलाच होता. वर्षभर त्याने काही वाजवलं नाही, आणि मग एक दिवस इंदूरच्या एका ओळखीच्यांकडे तबकडीवर चार वाद्यांचं संगीत लागलेलं ऐकलं आणि त्यातला चेलो ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. भिंतीपलीकडून कुणी हाक मारावी तसं झालं. दोन वर्षं तो दर रविवारी बसने महूला जात होता, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका हवालदाराकडे स्वरलिपी शिकायला. हवालदारसाहेब बेसनाचे लाडू खायला घालून झोडपून शिकवायचे. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितलं होतं, बेटा, तू गिटार से आया है, तेरा सबसे बड़ा दुश्मन तेरी आदत है। तेव्हा त्यानेही वहीत रेघ मारली होती.

स्कूटर भैरवगढला येऊन थांबली तेव्हा तिथे का आलो याचं त्याला फारसं नवल वाटलं नाही. कालभैरवाच्या वाटेवर प्रसादाच्या टोपल्या मांडलेल्या, त्यांच्यात फुलांसोबत दारूच्या बाटल्या, आणि मागच्या गल्लीत सौरभचा कारखाना. सौरभ आता पोट सुटलेला, चष्मा लावलेला, पण ढोल बडवायची खोड हातातून गेली नव्हती. गरम मेणात बुडवून ठसा कापडावर मारताना तो अजूनही ठेका धरायचा. रुचिरने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सौरभने हातातला ठसा खाली ठेवला आणि पोट हलेपर्यंत हसला.

“मतलब वो लड़की तीन हफ्ते से फोकट में मर रही है?”

“मैंने बोल दिया, जानबूझकर लिखा है।”

“तो फिर लफड़ा क्या है, भिया? ये देख।” त्याने कापडाचं एक थान ओढून उलगडलं. फुलांच्या रांगेत प्रत्येक चौथं फूल जरासं तिरपं, जरा बाहेर सरकलेलं. “परसों ठप्पा खिसक गया। अपने कारीगर ने क्या किया, पूरे थान में हर चौथा वैसे ही खिसका के मारा। अब ये डिज़ाइन है। इंदौर की एक मैडम को बस यही चाहिए। तेरे को पता है, मेरे को पता है। तीसरा कौन जानता है?”

रुचिरला खरंच हलकं वाटलं. इतकं सोपं होतं तर. गप्प बसायचं, रविवारी पुढच्या रांगेत हात बांधून बसायचं, कुणी विचारलंच तर म्हणायचं, तिथे चेलोने ताणलं जावं हेच मला हवं होतं. असली वाक्यं त्याने बऱ्याच मुलाखतींतून वाचली होती, त्याला ती चांगली जमली असती. तो थानावरून बोट फिरवत उभा होता, मेणाचा गुळगुळीतपणा बोटाला लागत होता, तेवढ्यात सौरभ म्हणाला, “वैसे है क्या वो तीसरे वाले में?”

“बापू की सुबह वाली धुन।”

सौरभचं हसू गेलं. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. बापू एकदाच या कारखान्यात आले होते, बँडचा सराव ऐकायला. ओल्या कापडांमध्ये छत्री घेऊन उभे राहिले, दोन गाणी संपूर्ण ऐकली, आणि जाताना म्हणाले, बाकी सब ठीक है, मैं बस तुम लोगों का सा ढूँढ रहा था। सौरभ ते वाक्य लग्नाकार्यात अजून सांगायचा.

“अंकल जी की आवाज़ तो बहुत नीचे थी, यार,” तो म्हणाला. “ज़मीन से आती थी। फिर तो बता दे तू। वो डिज़ाइन-विज़ाइन मेरे कपड़े के लिए ठीक है।”

परतीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. बापू जिल्हा कोर्टात रेकॉर्ड सांभाळायचे, आणि पहाटे पाचला गायचे. गायचे म्हणजे खर्ज लावायचे. आपल्या आवाजाच्या पार तळाशी जायचं, तिथला सा धरायचा आणि श्वास पुरेल तोवर धरून ठेवायचा, विहिरीत सोडलेली बादली पाण्याला टेकावी तसा. रुचिरची खाट त्याच भिंतीला लागून होती. लहानपणी तो जाग आल्यावरही डोळे मिटून पडून राहायचा, पाठ भिंतीला लावून, कारण बापूंचा खर्ज कानाच्या आधी पाठीला ऐकू यायचा. बरगड्यांमध्ये काहीतरी बारीक हलायचं. मग अर्ध्या तासाने बापू तिथून उठून पाच स्वर वर चढायचे आणि पुन्हा उतरून यायचे, शब्द नाहीत, ताल नाही, तीच ती चढण रोज. तिला नाव नव्हतं. तीच ही धून. सतराव्या वर्षी रुचिरने इलेक्ट्रिक गिटार आणली आणि त्याच भिंतीला अँप्लिफायर टेकवला. बापू तंबोरा घेऊन गच्चीवर जाऊ लागले. थंडीत शाल घेऊन जायचे. याचंही रुचिरला तेव्हा काही वाटलं नव्हतं, उलट बरंच झालं असं वाटलं होतं.

पुढे बापूंच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठ साधी होती म्हणून रुचिरच्या आईने, माईने, पेढे वाटले. पण आतली एक स्वरतार कायमची लुळी पडली. दोन महिने नुसती कुजबुज. मग आवाज आला तो दुसऱ्याच कुणाचा, बारीक, हवेने भरलेला, चुकून बाईचा वाटावा असा. फोनवर लोक त्यांना माई समजायचे. तरी एका पहाटे तंबोऱ्याची गवसणी निघाली. गच्चीवर चढवत नव्हतं म्हणून बापू बाहेरच्या खोलीतच बसले, हनुवटी छातीकडे झुकवली, खर्ज लावताना नेहमी जायचा तसा उजवा हात जमिनीकडे नेला, डोळे मिटले आणि सा लावला. हनुवटी खाली, हात खाली, आणि स्वर एक सप्तक वर. कापणारा, काठावरून आता पडेल मग पडेल असा. तंबोऱ्यात तो मिसळायचा, कारण सा तो साच. बापूंच्या चेहऱ्यावर समाधान असायचं. माई येऊन त्यांच्याशेजारी कोमट पाण्याचा पेला ठेवायची आणि आत जायची. असे वीस-एकवीस दिवस गेले. त्या दिवसांत बँडचा पुण्याचा कार्यक्रम जवळ आला होता, रुचिरची झोप पुरी होत नव्हती. एका सकाळी तो उठून बाहेर आला आणि म्हणाला, “बापू, हा खर्ज नाहीये. एक सप्तक वर लागतोय.”

रागाने म्हणाला नव्हता. हे त्याने स्वतःला एकोणीस वर्षं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, की रागाने नव्हे, शिकवताना सांगतो तसंच सांगितलं, त्यांना कळावं म्हणून. त्याला आपल्या कानाचा अभिमान होता, तो बापूंनीच दिला होता. बापूंनी डोळे उघडले. “अच्छा?” ते म्हणाले. “मला वाटलं लागतोय.” आणि त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली, नाडी नीट बांधली, पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. त्यानंतर दोन वर्षं जगले. पेपर वाचला, भाजी आणली, रुचिरचे केस कापून झाल्यावर छान दिसतात म्हणाले. तंबोरा पुन्हा उघडला नाही. माईने कधी विषय काढला नाही, आणि तिने काढला नाही म्हणजे तिला ठाऊक नसावं, ती तेव्हा आत होती, असं तो धरून चालला होता. पाच वर्षं त्याने जी रचना लिहिली ती एवढ्यासाठी, की एकदा तरी तो आवाज होता तसा, तळाशी, भिंतीतून येणारा, लोकांसमोर लागावा. आणि लिहिताना हात गेला तो कुठे गेला? वाटेत उसाच्या रसाच्या गाडीपाशी त्याने स्कूटर थांबवली. समोरचं नीट दिसत नव्हतं. रसवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं, त्याने पेला भरून पुढे केला. तो त्याने घेतला.

माधव नगरात घराशी पोचला तेव्हा दीड वाजला होता. माई बाहेरच्या खोलीत दिवाणावर मेथी निवडत बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, पण चष्म्यावरून बघायची नजर शाबूत.

“इतका वेळ कुठे होतास रे? खाना केव्हाचा तयार आहे. फोन पण उचलून नाही राहिलास.”

“भैरवगढला गेलो होतो. सौरभकडे.”

“भूक नाही का लागली? तोंड बघ कसं झालंय. तुझ्या त्या चौकडीचं काही बिनसलं का?”

चारही वादकांना मिळून ती चौकडी म्हणायची. रविवारी पुण्याला येणं तिला शक्य नव्हतं, इंदूरपर्यंत गाडीत बसणंही तिला झेपत नव्हतं, आणि तिने ते एकदाच सांगून विषय संपवला होता. रुचिर तिच्या शेजारी बसला. आता फोन करायचा, सरळ सांगायचं, माझी चूक झाली, एक सप्तक खाली घ्या. त्याने वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. ईराने व्हिडिओवरच फोन घेतला. मागे पांढरी भिंत, तिचा चेलो गुडघ्यांत, कपाळावर केस चिकटलेले.

“सर, बरं झालं. मी तुम्हाला करणारच होते,” तो काही बोलायच्या आतच ती म्हणाली. “तिसऱ्या भागाचं. मगाशी गंमत म्हणून मी सगळं एक सप्तक खाली वाजवून बघितलं. तेही फार सुंदर वाटतं. सोपंही जातं मला. दोन्ही ऐकवू का? तुम्ही म्हणाल ते रविवारी करू.”

सुटलो, असं त्याला वाटलं. चूक कबूल करायलाच नको. दोन्ही ऐकायचं, जरा विचार केल्यासारखं करायचं, आणि म्हणायचं खालचं घ्या. ती खूश, बापू जागेवर, आणि आपली अब्रूही शाबूत. “ऐकवा,” तो म्हणाला, आणि फोन मेथीच्या ताटाला टेकवून उभा केला. माईने चष्मा सारखा केला.

ईराने आधी खालचं वाजवलं. तिचा डावा हात वर, कानाजवळ होता आणि आवाज खालून, दाट आला. फोनच्या एवढ्याशा डब्यातूनही तो दिवाणाच्या फळीत उतरला. रुचिरच्या पाठीत काहीतरी हललं. हाच, हाच तो. भिंतीवरच्या फोटोतल्यासारखे बापू, काळ्या मिशांचे, हाताची घडी घातलेले. त्याने माईकडे पाहिलं. ती ऐकत होती आणि मेथीची पानं खुडत होती.

“छान आहे,” ती म्हणाली. “गोड वाजवते पोरगी.”

“आता तुम्ही लिहिलंय ते,” ईरा म्हणाली. तिने डोळे मिटले. डावा हात वाद्याच्या गळ्यावरून खाली सरकत गेला, आणखी खाली, पार तारांच्या टोकाकडे, आणि तिथे पोचायला तिला वाकावं लागलं, हनुवटी छातीला लागली. चेलोवर वरचे स्वर खाली असतात हे रुचिरला माहीत होतं, पण त्याने ते असं कधी पाहिलं नव्हतं. हनुवटी खाली, हात खाली. आणि स्वर आला तो वरचा, बारीक, हवेने भरलेला. तो पहिल्या चढणीवर कापला, सावरला, पाचव्या स्वरापाशी पोचता पोचता पुन्हा कापला. रुचिरला फोन बंद करावासा वाटला. हा आवाज त्याने एकोणीस वर्षं ऐकला नव्हता, आठवूही दिला नव्हता, आणि आता तो मेथीच्या ताटातून येत होता.

माईचे हात थांबले. तिने मांडीवरची मेथी बाजूला केली, गुडघ्याला धरून उठली आणि आत गेली. तिला सहन झालं नाही, असं त्याला वाटलं. आतून लायटरची टिकटिक ऐकू आली, भांडं ठेवल्याचा आवाज आला. ईरा वाजवतच होती, स्वर उतरणीला लागला होता. माई बाहेर आली ती हातात पेला घेऊन. तिने तो रुचिरला दिला नाही. दिवाणाच्या टोकाशी, जिथे आता इन्व्हर्टर होता आणि पूर्वी तंबोरा असायचा, तिथे जमिनीवर तो वाकून ठेवला, आणि कंबरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

“संपलं,” ईरा म्हणाली. ती दमली होती. “सांगा सर. कोणतं?”

रुचिरने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, सकाळपासून तयार होतं. त्याच्या खांद्यावर माईचा हात आला.

“या वेळी त्यांना काही सांगू नकोस,” ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. बाहेर जाणाऱ्याला फाटक लावून जा म्हणावं तसं म्हणाली, आणि हात तसाच राहिला. म्हणजे ती त्या सकाळी आत नव्हती. दारातच उभी असणार. एकोणीस वर्षं त्याला जेवायला वाढत होती, त्याच्या केसांवरून बोलत होती, त्याच्या चौकडीची चौकशी करत होती, आणि हे तिला ठाऊक होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. फोनवर दिसतंय याचंही त्याला काही वाटलं नाही.

“सर? आवाज येतोय ना?”

“येतोय. ईरा, सकाळी मी खोटं बोललो तुमच्याशी. ते मुद्दाम नव्हतं. चूक होती माझी. गिटारचं लिहिलेलं तसंच उतरवलं मी.”

“मला शंका आली होती,” ती म्हणाली. “मग खाली घेऊ?”

“नको. वरच ठेवा.”

“आणि ते कापतं तिथे? तिथे मला अजून पक्कं करायचंय.”

“तेही राहू द्या.”

“म्हणजे आता मुद्दाम?”

“हो,” रुचिर म्हणाला. “मुद्दाम.”

फोन बंद झाल्यावर माई पुन्हा दिवाणावर बसली, मेथी मांडीवर घेतली, आणि जेवायला वाढून घे, मला आता उठवत नाही, म्हणाली. तो उठला, पण स्वयंपाकघरात गेला नाही. इन्व्हर्टरपाशी खाली बसला, पाठ भिंतीला लावून. मग त्याने शेजारचा पेला उचलला आणि घोट घोट करत पिऊन टाकला. पाणी अजून कोमट होतं.